माझ्या छातीवर तुझं नाव

ओकपो, गोजे बेट, कोरिया
१५ जानेवारी २०२३

दादा,

पाकिटावरचं नाव बघूनच तू पत्र फाडलं नसशील, तर पुढे वाच. फाडलं असशील तर तुझं बरोबर आहे, आणि मला ते कळणारही नाही.

तुझा पत्ता जर्मनीतल्या आपल्या जुन्या खाणकामगारांच्या पत्रकात मिळाला. त्यात फोटो होता. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा, डावा खांदा उतरलेला. खालचं नाव वाचायच्या आधीच ओळखलं. ब्याऐंशी साली तुझं अर्धं फुप्फुस काढलं तेव्हापासून खांदा असाच झाला असेल ना? मी तुला त्यानंतर पाहिलेलंच नाही.

चौतीस वर्षांनी लिहितोय म्हणजे आई गेली त्या वेळची गोष्ट निघायला हवी. पण ती आज काढत नाही. आज माझ्यामागे दुसरंच लचांड लागलंय. ते इथे कोणापुढे उघड केलं तर नोकरी जाईल, आणि ओक-बुनला सांगितलं तर ती आधी हसेल आणि मग आठवडाभर बोलणार नाही. माझ्या बायकोचा स्वभाव तुला माहीत नाही, पण माझ्यावरून अंदाज कर.

चाळीस वर्षं मी इथल्या गोदीत जहाजं जोडली. निवृत्त झालो तर गोदीवाल्यांनी परत बोलावलं. जहाजांच्या मागण्या ढीगभर आणि वेल्डर नाहीत. आपली पोरं आता ठिणग्यांच्या जवळ यायला तयार नाहीत, म्हणून परदेशातून कसबी माणसं निवडून आणायची. निवडायला जातो आम्ही म्हातारे. माझी सही पडली की माणसाच्या व्हिसाचा रस्ता मोकळा.

नोव्हेंबरात इंडोनेशियात, सुरबायाला गेलो होतो. दोन दिवसांत अडतीस माणसं. प्रत्येकाला माणूस उभा राहील एवढा आडोशाचा एक खोका, दोन पत्रे, चाळीस मिनिटं. पत्रे उभे धरून जोडायचे. खोक्यात शिरताना ओळखपत्र बघतात, नंतर मास्क खाली येतो आणि सगळे सारखेच दिसतात. नऊ नंबरला त्रिस्नो नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा. सकाळच्या सरावात त्याचा हात असा थरथरत होता की मी मनात काट मारून टाकली होती. चहाच्या सुट्टीनंतर त्याच खोक्यातून तीस वर्षं मुरलेल्या हाताची रेघ बाहेर आली.

दादा, वेल्डरची रेघ मला माणसाच्या चालीसारखी ओळखू येते. रेघ संपते तिथे खळगा राहतो. हा हात तिथून तिळभर मागे यायचा, दोनदा, आणि खळगा भरायचा. तसाच शेवट त्या हॉलमधल्या प्रत्येक घोडीवर आणि कठड्यावर होता. ते सगळं तिथल्या सुगेंगने जोडलेलं होतं. आमच्यासाठी पत्रे मांडून देणारा माणूस, पंचेचाळिशीचा, त्रिस्नोचा थोरला भाऊ. ठिणग्यांनी त्याचे डोळे अधू झालेत, वैद्यकीय तपासणीत तो पास होणार नाही. मी बाहेर पाहिलं तर मदतनिसाची टोपी घालून एक पोरगा झाडू धरून उभा होता आणि वर बघत नव्हता. तोच खरा नऊ नंबर.

मी सही केली.

का केली विचारशील. मला चौऱ्याहत्तर साल आठवलं. तुझी पहिली एक्स-रे प्लेट धूसर आली, पुन्हा काढायला सांगितलं होतं. आणि तू जर्मनीच्या निवडीसाठी वाळूचं साठ किलोचं पोतं उचलायचा सराव करून कंबर धरून पडलेला. तुझ्या जागी मी गेलो, सतरा वर्षांचा. शर्ट काढ, श्वास रोख, सोड. तोंड कोणी बघितलंच नाही. माझ्या छातीवर तुझं नाव चिकटवून ती प्लेट सोलला गेली. तू हसून हसून पुन्हा कंबर धरलीस. आठवतं?

त्रिस्नो परवा इथे उतरला. मला झोप नाही.

गि-सोक


२९ जानेवारी २०२३

दादा,

आपलं चांद्र नवं वर्ष झालं. आईबाबांपुढे ताट मांडलं, कॉडमाशाचं सूप ठेवलं. आईला गोजेचा कॉड आवडायचा, लग्नानंतर मी तिला इथे आणलं तेव्हा ती डोकंसुद्धा सोडायची नाही. त्यांच्या नावाने दारूचा पहिला पेला मीच ओतला. थोरल्याने ओतायचा असतो, हे मला दर वर्षी नव्याने आठवतं.

आता त्रिस्नोचं ऐक. गोदीचा नियम असा की आलेल्या माणसाची इथे परत परीक्षा होते, साठ दिवसांच्या आत. पास झाला तर राहील, नापास झाला तर विमानात. आठ मार्च ही तारीख पडली आहे. परीक्षक मीच, कारण सुरबायाच्या कागदावर सही माझी. आता कोंबडी माझी आणि कोंबडीने केलेली घाणही माझी.

हे मी उगाच म्हणत नाही. पहिल्या दिवशी त्याने पत्र्यावर रेघ ओढली आणि आमचे मुकादम ओरडले, "अरे, ही रेघ आहे की कोंबडी शिटत गेली?" सगळे हसले. पोरगाही हसला, कारण त्याला शब्द कळला नव्हता. तपासणी खात्याचे बे साहेब मागे उभे होते. चाळिशीचे, गोड बोलणारे आणि कधीच न विसरणारे. मला म्हणाले, "प्यो मास्तर, सुरबायात हवा वेगळी असेल नाही?"

मी म्हणालो, "प्रवासाने हात जड होतो." हे वाक्य मी रात्रंदिवस घोकतोय.

दुपारी त्याला भंगाराच्या कोपऱ्यात गाठलं. थोडं कोरियन येतं त्याला, बाकी हातवारे.

"सुरबायाला तुकडा कोणी जोडला?"

"मीच, मास्तर."

"हात दाखव."

तळव्यावर घट्टे होते, पण चुकीच्या जागी. वेल्डिंगचा होल्डर धरून अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडतो, याचे सगळे मधोमध. मी बोट ठेवलं. त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "विटेवर घासले. दादा म्हणाला, साहेब लोक हात बघतात." घरी तो शिंप्याच्या दुकानात काजं करायचा. भावाने दोन महिने शिकवलं, तेवढंच.

मी तिथेच एका पिंपावर बसलो. तू नव्हतास का ओढ्याच्या दगडावर हात घासत बसला? कॉलेजात शिकलेला, कधी खाणीचं तोंडही न पाहिलेला. आई मीठ लावत होती आणि रडत होती, तू म्हणत होतास, "साहेबाने हात दाबला की खाणकामगार वाटलो पाहिजे." आणि त्याने दाबला तर तू ओरडलास म्हणे. तरी निवडलं.

सांग मला, निवडणारा खरंच फसतो, की त्याला फसायचंच असतं?

गि-सोक


१२ फेब्रुवारी २०२३

दादा,

पहिल्या पत्राची पोचपावती आली. खाली तुझी सही आहे. आडवी रेघ अजून तशीच लांब, पण मध्ये हात थांबलेला दिसतो. म्हणजे पत्र तुझ्याकडे पोचलं आणि तू सही करून घेतलंस. ओक-बुनला दाखवली. म्हणाली, "सहीच आहे हो, उत्तर नाही. एवढं नाचू नका."

मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्रिस्नोला शिकवतो. परीक्षकाने शिकवणं नियमात बसत नाही, म्हणून भंगाराच्या मागे, जुन्या पंख्याच्या आवाजात. ओक-बुन दोन डबे भरून देते. डुकराचं नको, हे तिने स्वतःच कोणालातरी विचारून ठरवलं. काल डबा देताना म्हणाली,

"त्या पोराला शिकवताय की स्वतःची कातडी वाचवताय?"

"दोन्ही."

"मग कातडीचा डबा वेगळा भरू का?"

पोरगा आळशी नाही, हेच तर दुखतं. शिंपी असल्यामुळे रेघ सरळ धरतो. पण आच सोसत नाही. ठिणगी उडाली की खांदा उचलतो आणि तिथे भोक पडतं. मी म्हणतो, "सुई टोचल्यावर उडी मारायचास का?" तो म्हणतो, "मास्तर, सुई पेटत नव्हती." हे ऐकून मलाच हसू आलं. अशा वेळी मला वाटतं की जमेल. मग बे साहेब दुरून जाताना दिसतात आणि मी डबा पुढे ओढून जेवत असल्यासारखा बसतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ते साधं "जेवलात का?" विचारतात आणि मी घामाने भिजतो.

सुगेंग दर रविवारी त्याला फोन करतो. मागच्या रविवारी त्रिस्नोने फोन माझ्या हातात दिला. सुगेंगने तरुणपणी दोन वर्षं इथेच काम केलं होतं, त्यामुळे बोलता येतं. म्हणाला, "मास्तर, तुम्ही बघितलं होतं ना त्या दिवशी? मला मास्कच्या काचेतून दिसलं. तुम्ही बघून पुढे गेलात." मग तो म्हणाला, "माझे डोळे जातायत. घरात कमावता हात आता त्याचाच. सांभाळून घ्या." सांभाळून घ्या म्हणजे काय, हे दोघांनाही नीट माहीत होतं.

आई गेल्याच्या तारेबद्दल तुझ्या मनात असेल. ती मी वेळेवर केली होती, पोस्टात अडकली. त्याला मी काय करणार होतो? तू नव्वद साली शेवटचं पत्र लिहिलंस, "थोरला मुलगा जिवंत असताना धाकट्याने शोकवस्त्रं घातली, मला मेल्यात धरलंत." ते पत्र माझ्याजवळ आहे. पोस्टाचा दोष होता, एवढंच.

गि-सोक


२६ फेब्रुवारी २०२३

दादा,

दुसरी पोचपावतीही आली. पुन्हा फक्त सही.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. पोस्ट अडकलं नव्हतं. तार मी तिसऱ्या दिवशी केली, आईला पुरून आल्यावर. कारण आज लिहवत नाही. पण निदान पोस्टाला दोष देऊन मरणार नाही, एवढं ठरवलं.

मंगळवारी त्रिस्नोला जहाजाच्या तळात उतरवलं. दोन पोलादी तळांमधली जागा, चालायला नाही, रांगायलाच. आतला धूर ओढून घ्यायला नळी असते, पण तिचं तोंड कुठे धरायचं हे अंगवळणी पडावं लागतं. ज्याचा हात तयार आहे तो पाच मिनिटांत रेघ ओढून बाहेर येतो. याला एका रेघेला अर्धा तास लागला. बाहेर आला तेव्हा ओठ निळे. कठड्याला धरून खोकत होता आणि दुसऱ्या हाताने मला खूण करत होता, सांगू नका, सांगू नका.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आत श्वास असा घरघरत होता की माझा हात आपोआप मागे आला.

"उद्या जाऊ नकोस," मी म्हणालो.

"नाही गेलो तर मुकादम लिहून ठेवतील, मास्तर. दादाला कळेल."

"दादा तळात उतरलाय का?"

तो खोकत खोकत हसला. "दादाने पास केलं ना. आता मला राहायलाच पाहिजे."

तू हजार मीटर खाली काय खोकायचास, ते मला कधी कळलं नाही. तुझी पहिली पत्रं आनंदी होती. बटाटे, बर्फ, फुटबॉल. "थोडा खोकला आहे, इथली हवा ओली," असं तू दुसऱ्या वर्षी लिहिलंस. आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी मी ते वाक्य गाळलं.

आता मी काय केलंय ते ऐक. परीक्षेच्या मापाचे दोन पत्रे घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः जोडले. वयाची सहासष्टी उलटली तरी हात अजून हलत नाही. सुगेंगची मागे यायची लकबही घातली, म्हणजे सुरबायाच्या तुकड्याशी जुळेल. त्यावर नऊचा आकडा ठोकला आणि तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या लॉकरात ठेवला. परीक्षेच्या दिवशी तुकडा खोक्यातून उचलून रेघेतला दोष शोधणाऱ्या एक्स-रेच्या टेबलावर नेणारा मीच. मध्ये वीस पावलं आहेत. वीस पावलांत पिशवीतला तुकडा बाहेर आणि हातातला आत.

एक्स-रेला तोंड नसतं, हे मला सतराव्या वर्षापासून माहीत आहे.

हे केलं नाही तर तो घरी जाईल आणि दोन भाऊ उपाशी बसतील. केलं तर तो रोज त्या तळात उतरेल. मी काय करू ते तू सांग. तू सोडून मला कोण सांगणार? पण हे पत्र तुला मिळेपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असेल.

गि-सोक


९ मार्च २०२३

दादा,

काल झालं.

सकाळी ओक-बुनने डब्यात समुद्रशेवाळाच्या सूपऐवजी भाकऱ्यांसारखे तांदळाचे चिकट केक दिले. परीक्षेच्या दिवशी सूप खाल्लं की माणूस घसरतो आणि चिकट खाल्लं की टिकतो, हे तिचं ठाम मत. म्हणाली, "एक पोराला, एक तुम्हाला. तुमचीही परीक्षाच दिसतेय." मी तिला काही सांगितलं नव्हतं. या बायकांना कळतं कसं देव जाणे.

त्रिस्नो खोक्यात शिरला. मास्क खाली येण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सगळं होईल, अशी. पिशवी माझ्या खांद्यावर होती, इतकी जड की पट्टा रुतत होता. तुकडा तीन किलोचाही नसेल.

चाळीस मिनिटं मी त्याचा खांदा बघत होतो. तीनदा उचलला. आधी तेरा वेळा उचलायचा. रेघ संपली, तो थांबला, आणि मग तिळभर मागे आला. दोनदा. भावाची लकब. कोणी शिकवली नव्हती, मी तर नव्हतीच.

मी तुकडा उचलायला हात पुढे केला, तर पोरगा स्वतःच तो घेऊन बाहेर आला. हातमोज्यातूनही चटके बसत असणार. वडीलधाऱ्याला काही देताना आपण दोन्ही हातांनी देतो, ते तो इथे शिकलाय. दोन्ही हातांनी तुकडा धरून, कमरेत वाकून, म्हणाला, "मास्तर, हा माझा."

दादा, वीस पावलं मी चाललो. पिशवीचा बंद उघडला नाही. फार थोर विचार केला असं समजू नकोस. बंद उघडायला हात रिकामा नव्हता. त्याने दोन्ही हातांनी दिलं तर मीही दोन्ही हातांनीच घेतलं होतं.

फिल्म आली. दिव्याच्या काचेवर लावली. सरळ रेघ, बरी रेघ, आणि शेवटाच्या जवळ एक काळा डाग. आत हवा अडकली की असा डाग येतो. दोन मिलिमीटरपर्यंत चालतो, तीन असेल तर नापास.

बे साहेब माझ्या शेजारी उभे राहिले. हळूच म्हणाले, "मास्तर, माझा चष्मा घरी राहिला. तुम्ही म्हणाल ते लिहितो. जहाजांचे बारा भाग अडकलेत माझे. मला माणसं हवीत, देवदूत नकोत. दोन आहे ना?"

चष्मा त्यांच्या खिशात होता. मला दिसत होता.

मी मोजपट्टी लावली. एकदा लावून भागलं असतं, मी चारदा लावली. मग म्हणालो, "डाग आहे. तीन आहे."

"मास्तर."

"आणि सुरबायाचा कागदही चुकीचा आहे. त्याचा हात तयार नव्हता. मला ते दिसलं होतं, तरी सही केली."

बे साहेबांनी फिल्म दिव्यावरून काढली. मग म्हणाले, "पहिलं मी लिहितो. दुसरं मी ऐकलं नाही. ऐकलं तर त्या पोराला फसवणुकीचा शिक्का बसेल आणि पुन्हा कुठेच जाता येणार नाही. तुम्ही दमलात, मास्तर. उद्यापासून घरी आराम करा." मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि 'नापास' लिहिलं.

बाहेर त्रिस्नो उभा होता. सांगितलं तर आधी त्याला खरंच वाटेना. मग ओरडला, "बे साहेब दोन लिहिणार होते! मला आतल्या पोराने सांगितलं! तुम्ही तीन का म्हणालात?"

"तीन होतं म्हणून."

"सुरबायाला का नाही म्हणालात मग?"

तो पाठ फिरवून गेला. चिकट केक माझ्या डब्यात तसाच राहिला.

गि-सोक


१७ मार्च २०२३

दादा,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय. आत आणखी एक कागद आहे. तो आधी काढू नकोस, शेवटी बघ.

त्रिस्नो सोमवारी गेला. बुसानपर्यंत मी बसने सोबत गेलो. समुद्राखालच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर म्हणाला, "ती फिल्म मला मिळेल?" मी आणलीच होती. त्याने खिडकीला लावून बघितली. आपलाच डाग बोटाने शोधला. "सुरबायाची फिल्म एकदम स्वच्छ होती, मास्तर. पण ती घरी नेऊन मी काय दाखवणार होतो?" घडी पडू नये म्हणून ती शर्टाच्या आत, छातीशी ठेवली. पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने परीक्षा देईन म्हणाला. देईल की नाही, कोण जाणे.

बुधवारी सुगेंगचा फोन आला. त्याने मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. "एक मिलिमीटर! तुमचं काय गेलं असतं? तुम्ही म्हातारे, पोट भरलेले, तुम्हाला कसला भाऊ!" मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणालो, "तुझा भाऊ आपल्या पायांनी चालत घरी आलाय. दम न लागता. माझा नव्हता आला." त्याने फोन ठेवला.

आता तुझं.

चौऱ्याहत्तर सालची तुझी पहिली प्लेट धूसर नव्हती. निकाल आणायला तालुक्याच्या दवाखान्यात मी गेलो होतो. डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. डाव्या फुप्फुसात डाग आहे, भावाला म्हणावं वर्षभर औषध घे, विश्रांती घे, खाणीचं नाव काढू नको. चिठ्ठी दिली. ती मी मोज्यात घातली आणि दहा मैल चालत घरी आलो. चालताना मला हिशेब नव्हे, चित्र दिसत होतं. तू घरी राहिलास तर औषधपाणी, शेत आणि तू, आणि मी नांगरामागे. तू जर्मनीला गेलास तर तुझ्या पैशांवर मी मासानच्या तंत्रशाळेत. मी घरात पाऊल टाकलं आणि म्हणालो, प्लेट धूसर आली, परत मागितली आहे, तू पडून राहा, मी जातो तुझ्या जागी.

तू मला थँक्यू म्हणालास, दादा. माझ्या डोक्यावर टपली मारलीस.

तिथे पोचल्यावर पुन्हा तपासतीलच, असं मी मनाला सांगत होतो. तपासलं की नाही मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही, कारण विचारलं तर सांगावं लागलं असतं. आईला ती चिठ्ठी ब्याऐंशी साली सापडली, तुझ्या ऑपरेशनचं पत्र आलं त्याच महिन्यात. तिने मला मारलं नाही. सात वर्षं ती माझ्यासोबत नीट जेवली नाही. शेवटच्या दोन दिवसांत ती एकच म्हणत होती, "गि-वोनला बोलाव, मला त्याला सांगायचंय." म्हणून मी तुला बोलावलं नाही. आई जिवंत असताना तू आला असतास तर तिने सांगितलं असतं. ती गेल्यावर आला असतास तर मला तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी तार.

मी कोरड्या डोळ्यांनी तुझी शोकवस्त्रं घातली. तुझ्या कमाईवर मी शिकलो, तुझं फुप्फुस आणि तुझी आई मी हिरावली आणि चाळीस वर्षं लोकांना सांगत राहिलो की मी भावासाठी छाती लावली. मला माफ कर असं लिहायला हात उठत नाही. मला लाज वाटते, दादा. एवढंच खरं आहे.

आतला कागद म्हणजे ती चिठ्ठी. पिवळी पडली आहे, पण डॉक्टरांची अक्षरं वाचता येतात. ती तुझी आहे. एकोणपन्नास वर्षं उशिरा पोचवतोय.

२९ तारखेला आईचं श्राद्ध आहे. ओक-बुनला सगळं सांगितलं. ती हसली नाही. मासे साफ करता करता तिने विचारलं, "मग पहिला पेला यंदा कोण ओतणार?"

मी म्हणालो, मी नाही.

"पहिला पेला पडल्याशिवाय सासूबाई जेवायच्या कशा?"

ते मलाही माहीत नाही. संध्याकाळी सात वाजता ताट मांडू. तुझ्याकडे तेव्हा दुपारचे बारा असतील. पाकिटाच्या मागे माझा नंबर लिहिला आहे. फोन ताटाशेजारी ठेवतो. तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, आई ऐकेल, तिला बरं वाटेल. 'ओत' म्हणालास तर तुझ्या नावाने ओतीन. 'ओतू नकोस' म्हणालास तर ओतणार नाही. काहीच बोलला नाहीस, नुसता श्वास ऐकू आला, तरी चालेल.

मी एक पाऊल मागे उभा राहणार आहे. पुढची चटई तुझी.

गि-सोक